नऊ तातामींची खोली

ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या 556 बिऱ्हाडांना नव्या टॉवरच्या चाव्या मिळाल्या, त्यातली एक भाच्याची. 160 चौरस फुटांवरून एकदम 500. इंटिरियरवाल्याने फोनवर तीस फोटो पाठवलेत. फिकट लाकूड, जमिनीलगतचा पलंग, कोपऱ्यात बांबू, बाकी मोकळं. खाली शब्द, 'जपान्दी', म्हणजे जपानी अधिक स्कँडिनेव्हियन. ताईने सगळे फोटो नीट पाहिले आणि विचारलं, "सामान अजून यायचंय का यांचं?"

*

जपानी माणूस खोली तातामीत मोजतो. तातामी म्हणजे पेंढा दाबून वर लव्हाळ्याची वीण घातलेली जाड चटई, साधारण सहा फूट बाय तीन. कागदावर हिशेब मांडला. बीडीडीची खोली नऊ तातामींची भरते. त्यांच्याकडे सहा तातामींची खोली अगदी नेहमीची. दिवसा बैठक, जेवणाला ठेंगणं टेबल, रात्री अंथरुणं. ताई नऊमध्ये आठ माणसांना जेवू घालून झोपवत होती. तिला कुणी 'मिनिमल' म्हटलं नाही.

*

एक फरक मात्र आहे, आणि फोटोत तो दिसत नाही. त्यांच्या खोलीला ओशिइरे असतं. सहा फूट रुंद, तीन फूट खोल भिंतीतलं कपाट, मधे एक फळी, सरकती दारं. सकाळी गाद्या आत गेल्या की खोली रिकामी. आपल्याकडे वळकट्या ट्रंकेवर रचायच्या, वर जुनं लुगडं टाकायचं, आणि पाहुणा आला की त्याला त्यांनाच टेकून बसवायचं. फोटोंतली ती मोकळी जागा सगळी जपानी खोलीतल्या त्या कपाटाच्या जिवावर आहे. भाच्याला म्हटलं, पलंगाचे पैसे वाचव, कपाट तीन फूट खोल कर. इंटिरियरवाला म्हणतो दोन फूट पुरे. दोन फुटांत हँगर मावतो रे बाबा, गादी नाही.

*

परळच्या एका मैत्रिणीने हौसेने खऱ्या तातामी आणल्या. जुलैत बुरशी. जपानची हवाही दमटच, पण तिथे त्या उचलून उभ्या करतात, वारा-ऊन दाखवतात. एकेकीचं वजन पंचवीस-तीस किलो. बाराव्या मजल्यावर उचलणार कोण आणि ऊन दाखवणार कुठे? चाळीत चटई गॅलरीच्या कठड्यावर टाकली की तासाभरात कडकडीत व्हायची. शेजारच्या काकू ओरडायच्या, ते वेगळं.

*

गिरगावात आजोळी देव्हाऱ्यामागे एक टाइल होती. उठावाची लक्ष्मी, गुलाबी कमळ, कडेला झगझगीत हिरवा पट्टा. आम्ही ती इथलीच समजायचो. चाळ पाडायच्या वेळी मामाने ती जपून काढली. मागे इंग्रजीत उमटवलेलं, 'मेड इन जपान'.

1920-30च्या सुमारास जपानी कारखाने खास आपल्या बाजारासाठी देवादिकांच्या चकचकीत टाइल काढत. मुंबई-कोबे बोटींची फेरी 1893 पासूनची, त्यात जमशेटजी टाटांचा हात. कापूस तिकडे गेला, लक्ष्मी इकडे आली. म्हणजे 'जपानी स्टाइल' गिरगावला नवी नाही. तेव्हा ती गुलाबी होती, आता उकडलेल्या बटाट्याच्या रंगाची आहे.

*

फोटोंत फिकट लाकूड. आजोळच्या तुळया बर्मा टीकच्या. घर पाडणाऱ्याने त्या आधी मोजल्या, मग माणसं.

*

लोअर परळला, फिनिक्स मिलच्या जागेवरच्या मॉलमध्ये, 2016 साली 'मुजी' हे जपानी दुकान उघडलं. कोरं सुती कापड, ना नक्षी, ना छाप. 1905च्या त्या गिरणीच्या जागेत पुन्हा सूत! आत गेले, एका उशीच्या अभ्र्याची किंमत पाहिली, घडी मोडू न देता परत ठेवला.

*

फोटोंपैकी सतराव्यात बुद्धाचं नुसतं मस्तक. बाथरूमच्या दाराशेजारी, खाली पिवळा दिवा. भाच्याच्या मजल्यावरच समोरचं घर बौद्ध. त्यांच्याकडे बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर पूर्वेच्या भिंतीला, रोज वंदना. भाचा राहायला आल्यावर त्या घरच्या आजी पहिल्यांदा चहाला येतील तेव्हा त्यांना काय सांगायचं, 'शोपीस आहे'? मस्तक रद्द. इंटिरियरवाल्याने लगेच पर्याय सुचवला, लाफिंग बुद्ध. तो बुद्ध नव्हेच, बुदाई नावाचा ढेरपोट्या चिनी भिक्षू. दादरच्या फुटपाथवर ढिगाने मिळतो. तोही रद्द. ताईने तिथे तुळशीची कुंडी ठेवली. बाथरूमजवळ म्हणून दुसऱ्या दिवशी तीही हलवली. कोपरा अजून रिकामा आहे, आणि खरं सांगायचं तर तीस फोटोंतल्या कुठल्याही कोपऱ्यापेक्षा बरा दिसतो.

*

चपला दाराशीच काढायची रीत आपली आणि जपान्यांची, दोघांचीही. नव्या सोसायटीत पॅसेजमध्ये चपला ठेवायला मनाई. जपानी घरात दाराच्या आतच पायरीभर खालची जागा असते, तिला गेन्कान म्हणतात. सगळ्या 'जपान्दी'त कामाची तेवढीच गोष्ट, आणि नेमकी तीच फोटोंत नाही.

*

शोजी म्हणजे लाकडी चौकटीवर कागद डकवलेली सरकती दारं. वर्ष सरताना जुना कागद भिजवून काढायचा, नवा लावायचा, चौकट तीच. इंटिरियरवाल्याकडे ती अ‍ॅक्रिलिकची आहेत, कधीच फाटत नाहीत.

भाच्याच्या सामानात माळ्यावरचा आकाशकंदिलाचा सांगाडा निघाला. बांबूच्या कामट्या, जुन्या खळीचे पिवळे डाग, एका कोपऱ्याला मागच्या वर्षीच्या पतंगी कागदाची चिंधी. टॉवरला टांगायला गॅलरी नाही, म्हणून ताईने हॉलच्या मधोमध, जिथे झुंबराचा हूक होता तिथेच लटकवायला सांगितला. या वेळी कागद पांढरा लावू या का, असं भाच्याने विचारलं. ताई म्हणाली, "पांढरा कशाला? राणी कलर आण."