शेवटचा राक्षस

व्हिडिओ खेळांच्या जगांत प्रत्येक वाटेच्या टोंकाशीं एक राक्षस उभा असतो. मुलें त्याला 'बॉस' म्हणतात, व अगदीं अखेरच्यास 'फायनल बॉस'. हा शब्द आमच्या वर्गांत इतका रूढ झाला आहे कीं, वार्षिक परीक्षेंतील गणिताच्या पेपरासहि तोच लावतात. आम्हांस कोणतें नांव ठेविलें आहे, याची चौकशी आम्हीं केलेली नाहीं.

ही रचना पालकांस परकी वाटूं नये. आमच्या नासिकच्या परिसरास प्राचीन जनस्थान मानतात. रामकथेंत खर व दूषण यांच्याशीं सामना येथें झाला. पुढें कुंभकर्ण, इंद्रजित, आणि सर्वांच्या शेवटीं रावण. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या संस्थेनें २०२० सालीं काढलेल्या 'राजी' नामक खेळांत तर ही परंपरा उघडच दिसते. धाकट्या भावाच्या शोधांत निघालेली एक मुलगी देवतांच्या कृपेनें शस्त्रें मिळवीत जाते, व अखेर महाबलासुरासमोर उभी राहते.

परंतु घरोघर पोंचला तो १९८५ सालच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मधील बाउझर. या खेळांत आठ मुलूख असून प्रत्येकाच्या शेवटीं एक किल्ला आहे. पहिल्या सात किल्ल्यांत भेटतो तो बाउझरचें सोंग घेतलेला तोतया; राजकन्या दुसऱ्याच किल्ल्यांत आहे, एवढाच निरोप पदरांत पडतो. खरा बाउझर आठव्यांत. त्यालाहि बळानेंच मारावें लागतें असें नाहीं. त्यास चुकवून पलीकडची कुऱ्हाड गांठली कीं, पूल कोसळतो व स्वारी खालच्या लाव्हारसांत जाते.

आम्हांस खरी मौज वाटते ती अशी कीं, शेवटचा राक्षस बलाढ्य असला तरी बहुधा लहरी नसतो. वार करण्यापूर्वीं तो हात उगारतो, मागें सरतो. घावाची आगाऊ वर्दी देतो. पहिल्या पांच-दहा खेपांस ती कळत नाहीं. पुढें कळूं लागते न लागते तोंच, त्याची शक्ति दर्शविणारी पट्टी अर्ध्यावर येते आणि लबाड आपली रीतच बदलतो! मग पुन्हा मरणें, पुन्हा पाहणें. दाविदास गल्याथापुढें ही सवलत नव्हती. तेथें हरता, तर दुसरा डाव नव्हता.

या डावांपायीं रात्रीचे दोन वाजविणें आम्हांस मुळींच मान्य नाहीं, हें येथेंच सांगून ठेवितों.

गेल्या वर्षीं दहावीस गणितांत नापास झालेला एक विद्यार्थी आमच्याकडे आला होता. पुन्हा परीक्षेस बसावयाचें नाहीं, असा त्याचा निश्चय. बोलतां बोलतां खेळाचा विषय निघाला, तेव्हां एका राक्षसाकडून आपण एकेचाळीस वेळां हरलों, असें त्यानें सांगितलें. आंकडा तोंडपाठ होता, व सांगतांना शरमेचा लवलेश नव्हता. उलट थोडी ऐटच होती. "मग गणितांत एकदां हरलास, तर एवढें काय बिघडलें?" असें आम्हीं विचारलें.

तो म्हणाला, "सर, तिकडे हरतांना कोणी बघत नाहीं."

निकालाच्या दिवशीं त्याच्या घरीं किती दूरध्वनि आले असतील, किती शेजारी पेढ्यांच्या निमित्तानें डोकावले असतील, हें त्यानें सांगितलें नाहीं, व आम्हीं विचारिलें नाहीं. बोर्डाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते, ती तेवढी मागविण्यास सांगितलें. ती आल्यावर दोन संध्याकाळ आम्ही दोघे तिच्यापुढें बसलों. भूमिति त्याची बरी होती. बीजगणितांतील शाब्दिक उदाहरणांशीं मात्र प्रत्येक वेळीं तो एकाच जागीं पडला होता: समीकरण मांडण्यापूर्वींच घाईनें आंकडे गुणूं लागत असे. तें पाहून तो स्वतःच म्हणाला, "हा इथें हात उगारतो, होय!"

पुरवणी परीक्षेचा अर्ज त्यानें भरला तो एका अटीवर. आई-वडिलांवांचून हें कोणास कळूं द्यावयाचें नाहीं. म्हणून येथें त्याचें नांव नाहीं, आणि निकालहि नाहीं.