घराला एकच रंग

आमच्या घराला आता एकच रंग आहे. हलका राखाडी. बाहेरची खोली, माजघर, स्वयंपाकघर आणि अम्मा झोपते ती मागची खोली, सगळीकडे तोच. मला हा रंग आवडत नव्हता. पण त्याच्याशी भांडता भांडता मला माझ्याच घरातली दोन माणसं नव्याने कळली.

लहानपणी आमच्याकडे दरवर्षी शबे-बरातच्या आधी चुना लागायचा. अब्बा चुन्याचे खडे पिंपात टाकून वर पाणी ओतायचे. पिंप खदखदायला लागलं की आम्हा भावंडांना लांब पिटाळायचे. रात्रभर विरलेला चुना सकाळी जुन्या लुंगीच्या फडक्यातून गाळायचा, कपड्यांना लागू नये म्हणून त्यात डिंक घालायचा आणि पांढरा खुलावा म्हणून चिमूटभर नीळ. घराला तो एकच रंग, आणि तेव्हा कुणाला त्यात काही खटकत नसे.

पुढे डिस्टेंपर आला आणि प्रत्येक खोलीला आपापला रंग मिळाला. माजघर पिस्ता, स्वयंपाकघर गुलाबी, मागची खोली आकाशी. बाहेरच्या खोलीला मात्र कमरेइतका हिरवा ऑइलपेंटचा पट्टा. त्या हिरव्याची एक गोष्ट आहे. शेजारच्या आप्पांच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. घर रंगवायला त्यांनी आणलेल्या हिरव्याचे दोन डबे उरले. ते त्यांनी अब्बांना आणून दिले, पैसे घेतले नाहीत. म्हणजे आमच्या भिंतीवरचा हिरवा हा लग्नघरचा हिरवा होता, मुलीच्या हातातल्या चुड्याचा. पण नव्याने येणाऱ्या माणसाला हे कुठून कळणार? तो भिंतीकडे बघायचा, मग माझ्या टोपीकडे बघायचा आणि मनात हिशोब जुळवायचा.

आमचं घर सांगलीत, नदीपासून फार लांब नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा माजघरात छातीइतकं पाणी होतं. डागडुजी करून जरा स्थिरावतो तोच २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी आलं. भिंतींनी ओल धरली, खार फुटला, जुन्या रंगाचे पापुद्रे हातात येऊ लागले. खालचा गिलावा फोडून काढावा लागला. तो वाळायला हिवाळा उजाडला आणि २०२२ च्या जानेवारीत रंगकाम काढलं.

पैसे मुलाचे होते. तो पुण्यात नोकरीला असतो. शेड कार्ड त्यानेच आणलं आणि एका चौकोनावर बोट ठेवून म्हणाला, "अब्बा, सगळीकडे हाच." रंगारी आमच्या ओळखीचा. त्याने माझ्याकडे बघितलं. "सर, निदान बाहेरच्या खोलीला हिरवा ठेवू ना? तुमच्यात तोच लागतो." मुलगा एकदम म्हणाला, "नाही. तिथंही हाच."

रात्री जेवणं झाल्यावर मी विषय काढला. म्हटलं, घराला काही चेहरा नको का? तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पुण्यात भाड्याचं घर शोधत होतो तेव्हा फोनवर सगळं ठरायचं. डिपॉझिट, पार्किंग, चावी कधी घ्यायची ते. शेवटी नाव विचारायचे. मग घरमालकाचा भाऊ गावाहून यायचा असायचा. असं चार वेळा झालं. अब्बा, मला असं घर पाहिजे की जे बघून कुणाला काही कळू नये." चौतीस वर्षं वर्गात उत्तरं सांगितलेल्या माझ्याकडे त्याला द्यायला उत्तर नव्हतं.

रंग लागला आणि खरं सांगायचं तर घर चांगलं दिसू लागलं. आमच्या खोल्या मूळच्या अंधाऱ्या, त्या मोठ्या वाटू लागल्या. हा रंग मुका असतो असं मी समजत होतो, तेही खरं नव्हतं. उत्तरेकडच्या खोलीत तो निळसर दिसतो. पश्चिमेच्या खोलीत असरच्या वेळी ऊन आत आलं की त्याच भिंती दुधाच्या सायीसारख्या होतात. पांढऱ्या एलईडीखाली मात्र त्या थंडगार पडतात. रंग एकच, पण उजेड जे देईल ते घेणारा.

अडचण अम्माची झाली. तिचं वय ऐंशीच्या पुढे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण काचबिंदूने नेलेली नजर परत येत नाही. पंधरा-वीस दिवसांनी पहाटे फजरला उठलो तर अम्मा माजघरात भिंतीला हात लावून उभी. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. मला बघून म्हणाली, "किसके घरकू लाया रे मेरेकू?"

मी तिला खोलीत नेऊन बसवलं. तेव्हा लक्षात आलं की आम्ही ज्याला रंग म्हणत होतो, त्या तिच्या वाटा होत्या. गुलाबी आलं की चूल, आकाशी आलं की अंथरूण. नजर अधू झाली तरी रंगांचे धूसर पट्टे तिला दिसत होते. आम्ही भिंती राखाडी केल्या, दारं राखाडी केली, चौकटीही. "बघून कुणाला काही कळू नये" हे मुलाचं म्हणणं भलत्याच माणसाच्या बाबतीत खरं ठरलं.

माझी भाची आर्किटेक्ट आहे. तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मामू, भिंती राहू देत, फक्त चौकटी बदला." प्रत्येक रंग किती उजेड परत फेकतो त्याचा शून्य ते शंभर असा अंक असतो. हलक्या राखाडीचा साधारण साठ-सत्तर. अधू नजरेला कडा दिसायची तर भिंत आणि चौकट यांच्यात निदान तीस अंकांचा फरक लागतो. म्हणजे चौकटीला गडद रंग हवा.

कोणता, ते अम्मालाच विचारलं. ती लगेच म्हणाली, "आप्पाके घरका था ना, वो."

रंगारी पुन्हा आला आणि डबा उघडून हसला. "बघा सर, मी म्हटलंच होतं." मी त्याला चहा दिला आणि आप्पांच्या मुलीच्या लग्नाची, उरलेल्या दोन डब्यांची गोष्ट सांगितली. त्याने ती शेवटपर्यंत ऐकली. मग ब्रश बुडवत म्हणाला, "दोन हात देतो मग. टिकला पाहिजे."

आता अम्मा रात्री एकटी उठते, चौकटीवर हात ठेवते आणि बरोबर जाते. हात ठेवायच्या जागी रंग थोडा मळलाय.

त्या वर्षी ईदला मुलगा आला. दारं बघितली, बोलला काही नाही. निघताना बूट घालता घालता म्हणाला, "दादीला थोडे दिवस पुण्याला नेतो. त्याआधी तिथल्या दोन-तीन चौकटी रंगवून घेतो."

मी विचारलं, "कोणता रंग?"

तो म्हणाला, "दादीला दिसेल तो."