पाठीवरचें बिऱ्हाड

'विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर' या म्हणीचा वाक्यांत उपयोग आम्हीं पस्तीस वर्षें मुलांकडून करवून घेतला. परंतु तिचा अर्थ स्वतः अनुभवण्याचा योग सेवानिवृत्तीनंतर, वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं आला. २०२५ सालच्या सप्टेंबरांत, तीर्थरूपांचा महालय आटोपून, आम्ही उभयतां व्हिएतनाम देशास निघालों. बरोबर ट्रंक नाहीं, यात्रा कंपनी नाहीं. प्रत्येकाच्या पाठीस सात किलोंची एक पिशवी, आणि करार असा कीं, ज्याचें ओझें त्यानें वाहावें. चिरंजिवांनीं "या वयांत?" म्हणून हरकत घेतली. तेव्हां सौभाग्यवती म्हणाली, "काशीला निघालों असतों तर विचारलं असतंस का?"

राजधानी हनोई येथून रात्रीच्या आगगाडीनें निघालें म्हणजे सकाळीं चीनच्या सरहद्दीवरील लाओ काई येथें उतरतां येतें. अंतर सुमारें तीनशें किलोमीटर. तेथून मोटारीनें घाट चढून दीड हजार मीटर उंचीवरील सापा येथें जावयाचें. इंग्रजांनीं महाबळेश्वर वसविलें तसें फ्रेंचांनीं थंड हवेसाठीं हें ठिकाण वसविलें. समोर फान्सिपान हें ३१४७ मीटर उंचीचें, त्या देशांतील सर्वांत उंच शिखर. २०१६ पासून त्याच्या माथ्याजवळ तारेवरचा पाळणा जातो. सापामध्यें हॉटेलांची आतां इतकी दाटी झाली आहे कीं, डोंगर पाहण्यास गांवाबाहेर पडावें लागतें. आम्हीं पाळण्याचा मोह सोडला व मुओंग होआ खोऱ्याची पाऊलवाट धरली.

त्या खोऱ्याचें दर्शन कोंकणांतल्या मनुष्यास एकाच वेळीं ओळखीचें व अपूर्व वाटतें. भाताचीं खाचरें आपल्याकडेहि आहेत. परंतु येथें अख्खा डोंगर माथ्यापासून नदीपर्यंत पायऱ्यापायऱ्यांनीं कोरलेला. एखादें खाचर तर म्हैस वळेल न वळेल इतकेंच अरुंद. वरच्या ओढ्याचें पाणी चरांतून व बांबूच्या पन्हळींतून पहिल्या खाचरांत येतें, तेथून बांधाच्या तोंडानें दुसऱ्यांत, असें उतरत उतरत नदीस मिळतें. वरच्यानें पाणी अडविलें तर खालच्याचें पीक गेलें. म्हणून शेजारधर्म हा तेथें उपदेशाचा नव्हे, पोटाचा विषय आहे. थंडीमुळें वर्षाचें पीक एकच. आम्ही गेलों तेव्हां भात पिवळें झालें होतें, आणि मोठ्या लांकडी पेटाऱ्याच्या कडेवर पेंढ्या आपटून झोडणी चालली होती. तो धपधप आवाज दिवसभर आमच्या सोबतीस होता.

वाट दाखविण्यास ह्मोंग जमातीची एक बाई मिळाली. अंगांत निळीनें रंगविलेलें जाडें कापड; नीळ इतकी मुरलेली कीं तिचे तळहातहि निळे. पाठीवर वेताची करंडी. चालतां चालतां ती बोटांवर तागासारखे तंतू एकास एक जोडून गुंडाळीत होती. सौभाग्यवती तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिली, मग आपल्या बटव्यांतून कापूस काढून तिनें तिला वात वळून दाखविली. त्या क्षणापासून त्या दोघींचें जें जमलें त्यांत आम्हांस विशेष स्थान उरलें नाहीं. ते तंतू भांगेच्या झाडाच्या सालीचे. त्यांचें सूत काढावयाचें, विणावयाचें, त्यावर मेणानें नक्षी काढून निळींत बुडवावयाचें, हें सर्व ती हातवाऱ्यांनीं सांगत होती आणि सौभाग्यवतीस तें सर्व समजत होतें.

आम्हीं मास्तरी संवयीनें विचारलें, "शाळा किती झाली?" ती हंसून इंग्रजींत म्हणाली, "शाळा नाहीं. प्रवासी आले, त्यांनीं शिकविलें." तिला आपली भाषा येत होती, व्हिएतनामी येत होती, इंग्रजी आमच्यापेक्षां सफाईनें येत होतें आणि फ्रेंचांशीं व्यवहारापुरतें फ्रेंचहि. आमचें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंत व संस्कृत वडिलांपाशीं. अमुक इतकें शिकलेला तो शिकलेला, हें आमचें माप त्या पाऊलवाटेवर प्रथमच डळमळलें.

मापापाठोपाठ आम्हीहि डळमळलों. ता वान गांवाच्या उताराला ओल्या चिकणमातीवर पाय घसरला आणि गुडघा मुरगळला. वाटाडीनें कोयत्यानें बांबू तोडून काठी दिली. सौभाग्यवतीनें न बोलतां आमची पिशवी आपल्या छातीशीं अडकविली. पाठीस एक, पोटाशीं एक. आम्हीं कराराची आठवण दिली. ती म्हणाली, "तो करार तुमचा. मला संवय आहे." हें वाक्य तेव्हां आम्हीं नीट ऐकलें नाहीं.

शाकाहाराची काळजी करणाऱ्या वाचकांसाठीं येथेंच सांगतों. त्या देशांत फोडणीच्या जागीं माशांचा अर्क असतो, म्हणून सावध असावें. परंतु 'चाय' हा एक शब्द पाठ करावा. त्याचा अर्थ चहा नव्हे, शाकाहार! चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या दिवशीं तेथील पुष्कळ बौद्ध लोक मांस वर्ज्य करितात, त्यामुळें शब्द सर्वांस ठाऊक आहे. रात्रीं चुलीशेजारीं भात, मोहरीचा पाला व सोयाबीनचें पनीर मिळालें. सौभाग्यवतीनें मेतकुटाची पुडी सोडली आणि यजमानीणबाईंनीं ती आवडीनें चाखली.

चौथ्या दिवशीं पुन्हां हनोई. डोंगरांतल्या निवांतपणानंतर तें शहर अंगावर धांवून येतें. जुन्या भागांतील रस्त्यांचीं नांवें व्यवसायांवरून पडलेलीं, जशी आपल्या पुण्यांत तांबट आळी, बुरूड आळी. हांग बाक म्हणजे चांदीआळी. रस्त्यांतून दुचाकींचा पूर अखंड वाहतो. तो ओलांडण्याची युक्ति एकच: एका गतीनें चालत राहावें, थांबूं नये, धांवूं नये, मागें तर फिरूंच नये. गाड्याच तुम्हांस वळसा घालून जातात. लंगडत्या पायानें हें धैर्य आम्हांस होईना. सौभाग्यवतीनें हात धरून पार नेलें.

तेथील राष्ट्रीय इतिहाससंग्रहालयांत वो कान्ह येथील शिलालेख आहे. दक्षिणेकडील न्या त्रांग शहराजवळ सांपडलेली ही उंच शिळा इसवी सनाच्या दुसऱ्या ते चौथ्या शतकांतील मानतात. आग्नेय आशियांतील अतिप्राचीन संस्कृत लेखांत तिची गणना होते. आपली संपत्ति आप्तांच्या हातीं सोंपविणाऱ्या, श्रीमार कुळांतील एका राजाचा तो लेख. परदेशीं देववाणी भेटणार म्हणून आम्ही मोठ्या उत्कंठेनें पुढें झालों, तों लिपि ब्राह्मीच्या दक्षिणी वळणाची! एक अक्षर लागेल तर शपथ. "आजोबांच्या मोडी कागदांसारखंच झालं," सौभाग्यवती म्हणाली.

शेवटच्या दिवशीं व्हान मिएउ, म्हणजे साहित्यमंदिर, पाहिलें. १०७० सालीं हें कन्फ्यूशियसच्या पूजेसाठीं बांधलें आणि १०७६ सालीं तेथेंच राजविद्यालय निघालें. अंगणांत दगडी कांसवांच्या रांगा आहेत आणि प्रत्येकाच्या पाठीवर एक शिळा उभी. अशा शिळा ८२. त्यांवर १४४२ ते १७७९ या काळांत राजपरीक्षांत सर्वोच्च पदवी मिळविलेल्या तेराशेंहून अधिक पंडितांचीं नांवें चिनी अक्षरांत कोरलेलीं. पूर्वीं परीक्षार्थी मुलें यश यावें म्हणून कांसवांच्या डोक्यांवर हात फिरवीत. दगड झिजूं लागले म्हणून आतां कठडे घातले आहेत. आम्हां मास्तरास याहून मोठें तीर्थ कोणतें? आम्हीं हात जोडले.

सौभाग्यवतीनें विचारलें, "यांत एखाद्या बाईचं नांव आहे का?"

"नाहीं. परीक्षेला बसायची मोकळीक पुरुषांनाच होती."

ती एका कांसवाकडे बघत राहिली. मग हंसून म्हणाली, "नांवं वरच्यांचीं, आणि ओझं याच्या पाठीवर."

ती हंसली, आम्हांस हंसतां आलें नाहीं. ती नववींत असतां तिची आई गेली, धाकटीं भावंडें पदरांत आलीं व शाळा सुटली. लग्नानंतरच्या वर्षीं तिनें एकदांच विचारलें होतें, "मी बाहेरून परीक्षेला बसूं का?" आम्हीं उत्तर दिलें होतें, "आतां कशाला?" बाहेरून दहावीस बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा अर्ज आम्हीं शाळेंत असतां किती परक्या मुलांचा भरून दिला, याची गणती नाहीं. घरांतल्या एका माणसाचा तेवढा राहिला. "मला संवय आहे" हें उतारावरचें वाक्य त्या अंगणांत आम्हांस पुन्हां, आणि या वेळीं नीट, ऐकूं आलें.

परतीच्या विमानांत आम्हीं विषय काढला. ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "गणित जमेल का हो?"

तरुणांनींच पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडावें असा समज असेल तर तो सोडावा, एवढेंच वाचकांस सुचवावेंसें वाटतें. गुडघे धड असतील तोंवर निघावें. न निघाल्यास काय राहून गेलें हें कळत नाहीं. आमचा गुडघा आतां बरा आहे. सतरा नंबरचा अर्ज आम्हीं आणून दिला. भरला मात्र तिनें, स्वतःच्या हातानें. ज्याचें ओझें त्यानें वाहावें, हा करार ती आतां आम्हांस मोडूं देत नाहीं. बीजगणिताचें पुस्तक तेवढें आमच्याकडे सोंपविलें आहे, आणि तें आम्हांसहि पुन्हां पहिल्यापासून शिकावें लागत आहे.