शेजारच्या सभागृहातली लोकशाही

ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणुकीचा वार गुरुवार. १९३५ पासून ही रीत अखंड चालत आली आहे. त्या दिवशी सुट्टी नसते. माणसे कामावर जाता-येता मत देतात, म्हणून मतदान सकाळी सातला सुरू होते आणि रात्री दहापर्यंत चालते. निवडणूक जुलैमधली असेल, जशी २०२४ ची होती, तर रात्री नऊलाही आकाशात उजेड रेंगाळत असतो. डिसेंबरातली असेल, जशी २०१९ ची होती, तर दुपारी चारलाच अंधारून येते, आणि केंद्राच्या फरशीवर ओल्या बुटांचे ठसे दिवसभर उमटत राहतात.

मतदानाच्या जागाही घरापासून चालत जाण्याइतक्या जवळ असतात. गल्लीच्या टोकाचे चर्चचे सभागृह, प्राथमिक शाळा, वाचनालय, खेड्यातले समाजगृह. जिथे यांतले काहीच नाही तिथे पबमधली एखादी खोली किंवा मोकळ्या जागेत आणून ठेवलेली तात्पुरती केबिन. एरवी याच खोलीत सकाळी तान्ह्या बाळांना घेऊन आया जमतात, दुपारी म्हातारी माणसे चहाला येतात, संध्याकाळी नाचाचा किंवा व्यायामाचा वर्ग भरतो. मतदानाच्या दिवशी खुर्च्या एकावर एक रचून कोपऱ्यात सरकवलेल्या असतात. भिंतीवरची मुलांची चित्रे मात्र जागच्या जागी असतात. टेबलामागे केंद्राध्यक्ष आणि कारकून बसतात. यादीत नाव सापडले की त्यावर रेघ ओढली जाते, मतपत्रिका हातात येते, आणि आडोशाच्या कप्प्यात दोरीने बांधलेली पेन्सिल असते. तिने एक फुली करायची, कागद दुमडायचा, पेटीत टाकायचा. बोटाला शाई लागत नाही, यंत्राचा आवाज होत नाही. दाराबाहेर पक्षांचे स्वयंसेवक छातीवर लाल, निळे, नारिंगी किंवा हिरवे फितीचे फूल लावून उभे असतात. ते मतदाराला त्याचा यादीतला क्रमांक विचारतात, पण तो सांगण्याची सक्ती कोणावर नसते. परस्परविरोधी पक्षांची ही माणसे तासन्‌तास एकमेकांशेजारी उभी राहतात आणि पाऊस आला तर एकाच छपराखाली सरकतात.

हे इतके शांत दृश्य सहजासहजी घडलेले नाही. दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत ब्रिटनमध्ये मत उघड द्यावे लागे. मतदार चौकातल्या मंचावर चढे, आपले नाव आणि आपला उमेदवार मोठ्याने सांगे, आणि ते वहीत लिहिले जाई. अनेक ठिकाणी या वह्या छापून विकल्या जात. कोणी कोणाला मत दिले हे जमीनदाराला, मालकाला, दुकानातल्या गिऱ्हाइकाला सगळ्यांना कळे. मत चुकले तर घर जाई, काम जाई. उमेदवारांच्या खर्चाने दारू वाहे आणि मारामाऱ्या होत. विल्यम होगार्थने १७५० च्या दशकात अशा निवडणुकीवर चार चित्रांची मालिका रंगवली. ती लंडनच्या सर जॉन सोन संग्रहालयात आहे. लाचेची मेजवानी, मतांची ओढाताण, केंद्राच्या पायऱ्यांवर ओढत आणलेली आजारी माणसे आणि शेवटी विजयाच्या मिरवणुकीतली हाणामारी असा सगळा काळ त्या चार चित्रांत उभा आहे.

गुप्त मतदानाचा कायदा १८७२ च्या जुलैमध्ये मंजूर झाला आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला यॉर्कशरमधल्या पॉन्टिफ्रॅक्ट या गावी पोटनिवडणुकीत त्याची पहिली परीक्षा झाली. पॉन्टिफ्रॅक्ट ज्येष्ठमधाच्या गोळ्यांसाठी प्रसिद्ध होते. मतपेटीवर लाखेची मोहोर उमटवायची होती, तेव्हा त्या गोळ्यांवर ठसा मारण्याचा कारखान्यातला शिक्काच वापरला गेला. ती लाकडी पेटी गावच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. त्या दिवशी गडबड-गोंधळ झाला नाही. मताला पहिल्यांदाच दार लावून घेण्याचा हक्क मिळाला होता. आजचा तो साधा आडोशाचा कप्पा म्हणजे त्या हक्काचे दृश्य रूप.

कप्प्यात जाण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न त्याहून जुना आणि त्याहून रक्तरंजित होता. १८३२ च्या सुधारणेपूर्वी ओल्ड सॅरम या जवळजवळ ओसाड टेकडीला संसदेत दोन जागा होत्या, आणि गिरण्यांनी गजबजलेल्या मँचेस्टरला स्वतःची एकही नव्हती. १८१९ च्या ऑगस्टमध्ये त्याच मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर प्रतिनिधित्व मागण्यासाठी हजारो माणसे मुलाबाळांसह जमली, तेव्हा त्यांच्यावर घोडदळ घातले गेले. माणसे मेली, शेकडो जखमी झाली. १८३८ मध्ये चार्टिस्ट चळवळीने सहा मागण्यांची सनद मांडली. प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत, गुप्त मतदान, खासदाराला मालमत्तेची अट नसणे, खासदाराला वेतन, समान मतदारसंघ आणि दरवर्षी निवडणूक या त्या मागण्या. लाखो सह्यांचे अर्ज १८३९, १८४२ आणि १८४८ मध्ये संसदेपुढे नेले गेले आणि तिन्ही वेळा व्यर्थ गेले. पण पुढच्या ऐंशी वर्षांत सहापैकी पाच मागण्या देशाचा कायदा बनल्या. ज्यांनी त्यासाठी तुरुंग भोगला त्यांतल्या बहुतेकांना ते पाहायला मिळाले नाही.

स्त्रियांची वाट आणखी लांब होती. १९१८ मध्ये पुरुषांना २१ व्या वर्षी मत मिळाले. स्त्रियांना मात्र ३० वर्षे पूर्ण झाल्यावर, तेही मालमत्तेच्या अटीसह. समान हक्काचा कायदा १९२८ च्या २ जुलैला झाला. त्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या एमेलिन पँकहर्स्ट १४ जूनला, अठराच दिवस आधी, वारल्या होत्या. विद्यापीठाच्या पदवीधरांना आणि दुसऱ्या ठिकाणी व्यवसाय असणाऱ्यांना मिळणारे जादा मत १९४८ च्या कायद्याने रद्द झाले. म्हणजे एका माणसाला एकच मत, या तत्त्वावर ब्रिटनने पहिली सार्वत्रिक निवडणूक घेतली ती १९५० साली. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीच्या जेमतेम दोन वर्षे आधी. मताचे वय १९६९ मध्ये १८ वर आले. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये आपापल्या संसदेसाठी सोळाव्या वर्षीच मत देता येते, आणि सबंध देशात तीच मर्यादा आणण्याचा इरादा सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला.

या वाटेवर मुंबईची पावलेही आहेत. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेले दादाभाई नौरोजी १८८६ मध्ये लंडनच्या होबर्न मतदारसंघात उभे राहिले आणि हरले. त्यानंतर पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी, एका काळ्या माणसाला ब्रिटिश मतदार निवडून देतील असे वाटत नाही, अशा आशयाचे जाहीर वक्तव्य केले. देशभर त्यावर खळबळ उडाली. १८९२ मध्ये दादाभाई सेंट्रल फिन्सबरीतून उदारमतवादी पक्षातर्फे बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी निवडून आले. घड्याळजी, जिल्दसाज, छापखान्यातले कामगार अशांच्या वस्तीने सॉल्सबरींना उत्तर दिले होते, आणि तेही गुप्त मतपेटीतून. मुंबईचेच मंचरजी भावनगरी १८९५ मध्ये हुजूर पक्षातर्फे बेथनल ग्रीनमधून आणि शापुरजी सकलातवाला १९२२ मध्ये बॅटरसीतून संसदेत गेले. तिघांचे पक्ष तीन, मते तीन दिशांची. तिघांनाही आधार मात्र लंडनच्या साध्या गल्ल्यांचा. त्यानंतर दीर्घ खंड पडला. १९८७ मध्ये डायान ॲबट, बर्नी ग्रँट आणि पॉल बोटेंग या कृष्णवर्णीय उमेदवारांबरोबर मूळच्या गोमंतकीय कुटुंबातले कीथ व्हाझ लेस्टरमधून निवडून आले, तेव्हा तो खंड भरून निघाला.

रात्री दहाचा ठोका पडला की दारे बंद होतात. दहाच्या आधी रांगेत लागलेल्या मतदाराला मात्र मत देता येते. २०१० मध्ये काही केंद्रांवर रांगेतली माणसे परत पाठवावी लागली, त्यानंतर कायद्यात ही सोय झाली. सीलबंद पेट्या मोजणीच्या जागी जातात. ही जागा म्हणजे बहुधा क्रीडागृह किंवा नगरसभागृह. लांब टेबलांवर पेट्या पालथ्या होतात आणि बँकेतले, नगरपालिकेतले कर्मचारी हाताने कागद मोजू लागतात. संडरलंड शहराने पहिला निकाल लावण्याचा मान कित्येक निवडणुकांत अभिमानाने मिरवला; २००१ मध्ये तिथला पहिला निकाल मतदान संपल्यावर पाऊण तासाच्या आत जाहीर झाला.

पहाटेचा मंच हे या रात्रीचे सर्वांत बोलके दृश्य. निवडणूक निर्णय अधिकारी मते वाचून दाखवतात आणि सगळे उमेदवार एका ओळीत उभे असतात. अनामत रक्कम ५०० पौंड. ती भरणारा कोणीही पात्र उमेदवार त्या ओळीत येऊ शकतो आणि ५ टक्क्यांहून अधिक मते मिळाली तर रक्कम परत मिळते. पंतप्रधानालाही त्या ओळीत वेगळी जागा नसते. १९९७ मध्ये संरक्षणमंत्री मायकेल पोर्टिलो एनफील्ड साउथगेटमध्ये हरले, २०२४ मध्ये माजी पंतप्रधान लिझ ट्रस नैर्ऋत्य नॉरफोकमध्ये ६३० मतांनी हरल्या. २०१७ मध्ये ईशान्य फाइफचा निकाल केवळ दोन मतांनी लागला. एका कुटुंबाने घरी बसायचे ठरवले असते तरी चित्र पालटले असते. पराभूत पंतप्रधान बहुधा दुसऱ्याच दिवशी दहा डाऊनिंग स्ट्रीट सोडतो. १९९७ च्या मे महिन्यात जॉन मेजर राजीनामा देऊन ओव्हल मैदानावर क्रिकेट पाहायला गेले. सत्ता अशी निमूट हातातून सोडता येणे हे कोणत्याही समाजाच्या प्रौढपणाचे लक्षण आहे.

निकालानंतर लोकशाही पुन्हा त्याच छोट्या खोल्यांत परतते. खासदार आठवड्याच्या शेवटी, बहुधा शुक्रवारी किंवा शनिवारी, आपल्या मतदारसंघात भेटीचे तास ठेवतात. जागा ओळखीचीच असते: वाचनालय, चर्चचे सभागृह, कधी सुपरमार्केटचा कोपरा. येणारी माणसे मोठ्या धोरणांविषयी क्वचितच बोलतात. भिंतीला ओल आलेले सरकारी घर, थकलेला भत्ता, नवऱ्याचा अडलेला व्हिसा, आईच्या शस्त्रक्रियेची लांबलेली तारीख, मुलाला न मिळालेली शाळा अशी गाऱ्हाणी कागदांच्या पिशवीतून बाहेर येतात. मत दिले की नाही आणि कोणाला दिले, हे विचारले जात नाही. देशाचे कायदे करणारा माणूस प्लास्टिकच्या खुर्चीवर समोर बसून एका घराच्या ओलीविषयी लिहून घेतो, यात ब्रिटिश राजकारणाची खरी थोरवी आहे.

याच मोकळेपणाची किंमतही मोजावी लागली आहे. २०१० मध्ये पूर्व लंडनचे खासदार स्टीफन टिम्स यांना अशाच भेटीत भोसकले गेले. ते वाचले आणि पुन्हा कामाला लागले. १६ जून २०१६ रोजी यॉर्कशरच्या बर्स्टल गावात, लोकांना भेटायला वाचनालयाकडे जाताना, खासदार जो कॉक्स यांचा खून झाला. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी ली-ऑन-सी इथल्या मेथडिस्ट चर्चमध्ये डेव्हिड एमेस यांना भेटीच्या वेळीच मारले गेले. एक मजूर पक्षाच्या, दुसरे हुजूर पक्षाचे. शोक मात्र पक्षांत वाटला गेला नाही. एमेस यांच्या मतदारसंघातल्या साउथएंडला शहराचा दर्जा मिळावा ही त्यांची जन्मभराची मागणी त्यांच्या मृत्यूनंतर पूर्ण झाली. आपल्याला तोडणाऱ्या गोष्टींपेक्षा जोडणाऱ्या गोष्टी अधिक आहेत, असे जो कॉक्स संसदेतल्या पहिल्या भाषणात म्हणाल्या होत्या. त्यांच्या स्मरणार्थ २०१७ पासून जूनमध्ये गल्लोगल्ली शेजारी एकत्र जेवतात. आज अनेक खासदार वेळ आधी ठरवूनच भेटतात आणि दाराशी सुरक्षारक्षक असतो. भेटी बंद झाल्या नाहीत, हे महत्त्वाचे.

विश्वासावर चालणाऱ्या या व्यवस्थेत ओळखपत्राचीही भर पडली आहे. पूर्वी नाव आणि पत्ता सांगितला की पुरे होई. २०२२ च्या कायद्यानंतर, मे २०२३ मधल्या इंग्लंडच्या स्थानिक निवडणुकांपासून, छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागू लागले. उत्तर आयर्लंडमध्ये ही अट आधीपासूनच होती. तोतया मतदान रोखणे हा हेतू सांगितला गेला. पण गरीब आणि तरुण मतदाराकडे असा कागद नसण्याची शक्यता जास्त, हा आक्षेप रास्त आहे. मताच्या दाराला कुलूप घालणे सोपे असते. ज्यांनी ते दार उघडले त्यांची शंभर वर्षे त्यात गेली.

राष्ट्रकुलातल्या देशांच्या नागरिकांना ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असेल तर संसदेच्या निवडणुकीतही मत देता येते, आणि भारतीय पारपत्र बाळगणाऱ्यांना हा अधिकार आजही आहे. नोंदणीला पैसे पडत नाहीत. दादाभाईंना ज्या गल्ल्यांनी निवडून दिले, त्या शहरात आणि त्या देशात राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने मतदार यादीत आपले नाव घालावे, आणि पुढच्या निवडणुकीच्या गुरुवारी शेजारच्या सभागृहात जाऊन मत द्यावे.