उजवा हात

मॅरेथॉनच्या दिवशी रस्त्याच्या कडेला गुडघा टेकून बसलेला एखादा छायाचित्रकार आपण पाहिला असेल. आयोजकांनी मेहनताना देऊन बोलावलेल्या अशा छायाचित्रकारांपैकी मी एक. मुंबईत जानेवारीत होणारी मोठी मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली. त्यानंतर हौशी धावपटूंच्या स्पर्धांचे लोण आमच्या यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोहोचले आणि आम्हाला लग्नसराईबाहेरचे एक काम मिळाले.

काम दिसते तेवढे कलेचे नाही. छातीवरचा क्रमांक स्पष्ट वाचता यावा, चेहरा हलू नये, एवढीच अट. एका सकाळी पाच-सहा हजार छायाचित्रे निघतात आणि रात्री ती क्रमांकांनुसार वेगळी करावी लागतात. या कामात एक गोष्ट ध्यानात येते. कॅमेरा दिसताच माणूस बदलतो. वाकलेली पाठ सरळ होते, दमलेला चेहरा हसतो. म्हणून खरी चाल पाहायची तर दूरची, त्याने आपल्याला पाहण्यापूर्वीची छायाचित्रे पाहावीत.

तीन वर्षांपूर्वी आर्णी रस्त्यावरच्या एका स्पर्धेत ज्येष्ठांच्या चालण्याच्या गटात माझे बाबाही होते. रात्री क्रमांक लावता लावता त्यांची छायाचित्रे समोर आली. ओळीने सात होती. सातही छायाचित्रांत डावा हात पुढे-मागे झुलत होता. उजवा मात्र अंगाशी, कोपरात किंचित दुमडून, जागच्या जागी. आदल्या वर्षीची छायाचित्रे उघडली. त्यांत दोन्ही हात झुलत होते.

एकाच घरात राहून, रोज समोरासमोर जेवून मला हे दिसले नव्हते. त्यांची सही बारीक होत चालली आहे, असे आई म्हणाली होती. मी ते चष्म्यावर ढकलले होते. हे लिहिताना आजही अपराधी वाटते.

चालताना एकाच बाजूचा हात झुलेनासा होणे हे कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सचे, सुरुवातीचे लक्षण असू शकते. कंप काहींना पुढे कधीतरी येतो, काहींना येतही नाही. अर्थात खांदा आखडल्यानेही हात असाच राहतो. निदान करणे हे मज्जाविकारतज्ज्ञाचे काम, छायाचित्रावरून आपण ठरवू नये. आमच्या बाबतीत मात्र तो कंपवातच निघाला. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी १८१७ मध्ये या विकाराचे वर्णन केले, तेव्हा त्यांनी काही रुग्ण केवळ रस्त्यात चालताना पाहिले होते, हे मला नंतर कळले.

डॉक्टरांना आमच्या छायाचित्रांचा उपयोग झाला. तपासणीच्या खोलीत रुग्ण चार पावले जपून, नीट चालतो. घरचे चालणे वेगळे असते. आपल्या घरी कोणी वडीलधारे असतील, तर दर काही महिन्यांनी त्यांच्या चालण्याचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण मोबाइलवर करून ठेवावे. समोरून, बाजूने आणि विशेषतः वळताना. एकदा चालून झाल्यावर पुन्हा चालायला सांगावे. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत कॅमेऱ्याचा विसर पडतो. मात्र त्यांना विचारूनच. बाबांना मी विचारले नव्हते, तेव्हा ते म्हणाले, "काय पाहून राहिला रे माझ्याकडे, चोरासारखा?" ते योग्यच होते.

औषधे वेळेवर सुरू आहेत. व्यायाम कंटाळा करीत का होईना, होतो. गुंडी लावायला वेळ लागतो आणि मदत केली तर राग येतो.

यंदा बाबांनी पुन्हा नाव नोंदवले. त्या सकाळचे काम मी घेतले नाही. त्यांच्या उजव्या बाजूने चाललो. वळणावर एक तरुण छायाचित्रकार गुडघा टेकून बसला होता. त्याला पाहताच बाबांनी दोन्ही हात वर केले, उजवा थोडा उशिरा.