लाउशाचे काचगोळे

जर्मनीतील थ्युरिंगियाच्या जंगलात असलेले लाउशा हे गाव काचेच्या भट्टीभोवती वसले. हान्स ग्रायनर आणि ख्रिस्टॉफ म्यूलर यांनी १५९७ मध्ये तेथे भट्टी उभारली. पुढे भट्टीवर काचनळ्या ओढायच्या आणि घरी दिव्याच्या ज्योतीवर त्या वितळवून मणी, खेळणी, कृत्रिम डोळे घडवायचे, अशी कामाची वाटणी झाली. १८४८ च्या एका मागणीवहीत नाताळच्या झाडासाठी सहा डझन गोळ्यांची नोंद सापडते. १८६७ मध्ये गावात गॅस आला. गॅसची ज्योत तेलाच्या दिव्यापेक्षा प्रखर आणि हवी तशी कमी-जास्त करता येणारी, त्यामुळे मोठे आणि पातळ गोळे फुंकणे सोपे झाले. १८८० च्या दशकात अमेरिकी व्यापारी एफ. डब्ल्यू. वूलवर्थ यांच्या दुकानांतून हे गोळे अमेरिकेत घरोघरी गेले.

गोळ्याची सुरुवात नळीपासून होते. ज्योतीत तापवून ओढलेल्या नळीचा मधला भाग जाड ठेवतात आणि दोन्ही बाजूंना लांब, बारीक देठ काढतात. एक देठ तोडून ते टोक वितळवून बंद केले जाते, दुसऱ्यातून फुंकायचे असते. काच लालसर, मऊ होईपर्यंत ती सतत फिरवत राहावी लागते. हात क्षणभर थांबला तरी काच एका अंगाला ओघळते. मग ती ज्योतीबाहेर काढून फिरवता फिरवताच एका दमात फुंकतात. फुंकर जोराची झाली तर गोळा फुटतो, कमी पडली तर काच तेवढ्यात थिजते. फळे, पक्षी, देवदूत असे आकार हवे असल्यास तापलेली काच दुभंग साच्यात धरून फुंकतात.

यानंतर येतो रुपेरी मुलामा. पूर्वी गोळ्यांना आतून शिशाचा किंवा कथिलाचा थर देत; सुमारे १८७० पासून सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण वापरात आले. द्रावण देठातून आत सोडतात आणि गोळा कोमट पाण्यात धरून हलवतात. पाहता पाहता आतला द्रव काळवंडतो आणि भिंतीवर चांदी धरते. पारदर्शक काचेचा आरसा होताना पाहणे, ही या कामातील सर्वांत सुंदर घटका. वाळलेला गोळा मग रंगात बुडवतात, कुंचल्याने नक्षी काढतात आणि ओल्या रंगावर चमकी भुरभुरतात.

हे सारे एका माणसाचे काम कधीच नव्हते. ज्योतीपाशी बाप बसे, चांदी भरणे आणि रंगकाम घरातल्या बायका करत, देठ कापणे आणि टोपणे बसवणे मुलांकडे असे. स्वयंपाक, झोप, शाळेचा अभ्यास आणि धंदा, सारे एका छपराखाली. मोबदला तुटपुंजा आणि नाताळापूर्वी रात्रीची जागरणे ठरलेली. त्या लखलखाटामागे मुलांचेही कष्ट होते. मात्र याच सहवासात कसब मुरले. काच किती मऊ झाली की फुंकायची, हे पुस्तकातून कळत नाही. ज्योतीपाशी बसलेल्या जाणत्या माणसाचे हात वर्षानुवर्षे पाहूनच ते उमगते.

पूर्व जर्मनीच्या काळात धंद्याचा मोठा भाग सरकारी कारखान्यांत गेला. १९९० च्या एकीकरणानंतर कौटुंबिक कार्यशाळा पुन्हा उभ्या राहिल्या आणि २०२१ मध्ये लाउशाच्या या हस्तकलेचा जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.

शेवटचे काम आजही तेच आहे. ज्या देठातून श्वास आत गेला, तो कापायचा आणि तिथे धातूचे टोपण बसवायचे. गोळा झाडावर टांगायला तयार होतो.