धरणाखालचे पाणी

प्रभू येशूचे पहिले शिष्य कोळी होते, हे आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. त्यांची जाळी आपल्या चित्रांत आणि प्रवचनांत नित्य भेटतात. गळ मात्र शुभवर्तमानांत एकदाच येतो. मत्तयाच्या सतराव्या अध्यायात, मंदिराच्या करासाठी प्रभू पेत्राला सरोवरावर गळ टाकावयास पाठवितो आणि पहिल्याच माशाच्या तोंडात नाणे मिळेल असे सांगतो. जाळे थव्याला ओढते. गळ एकाच माशापुरता असतो.

या गळाचे शास्त्र सांगणारा ग्रंथ इंग्लंडात १४९६ साली छापला गेला. डेम ज्युलियाना बर्नर्स या धर्मभगिनीने तो लिहिला, असे परंपरा मानते. पिसे व लोकर बांधून कीटकांसारखे भासणारे बारा प्रकारचे गळ त्यात वर्णिले आहेत. आणि हाव धरून फार मासे मारू नयेत, अशी ताकीदही आहे.

अशा गळाला भुलणारा ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. इंग्रजी अमदानीत तो काश्मीरच्या ओढ्यांत रुजला. यवतमाळचा उन्हाळा त्याला सोसवणार नाही. तथापि, काही उष्ण मुलखांत धरणांनी त्याला आसरा दिला आहे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात सान हुआन नदीवर १९६२ साली नवाहो धरण पूर्ण झाले. खोल जलाशयाच्या तळाचे पाणी उन्हाळ्यातही गार राहते, आणि गाळ मागेच बसल्याने नितळ असते. ते बाहेर सोडले जाते, म्हणून धरणाखाली ट्राउट पोसला जातो. इतक्या स्वच्छ पाण्यात माशाला दोराही दिसतो. गळ टाकणाऱ्याने सावली आवरूनच उभे राहावे. मात्र त्याच गारव्यामुळे उबदार पाण्याच्या मूळ माशांचे बस्तान उठले. धरणाचे दान असे किंमत घेऊनच येते.

आमच्या घाटंजीच्या वाघाडी नदीवरही धरण आहे. पावसाळा सरला की नदीची धार बारीक होते आणि मासे डोहांत गोळा होतात. अशा वेळी पाण्यात विष कालवणे किंवा सुरुंग उडविणे सोपे. पण त्यात पिल्लांसह सारा डोहच मरतो. आम्ही दोन मासे लागले की गळ गुंडाळतो.

पाणी शेताला हवे, नळाला हवे. नदीलाही तिचा वाटा हवा. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सृष्टीला आपले सामायिक घर म्हटले. शुक्रवारच्या ताटातील माशाबद्दल देवाचे आभार मानताना, तो ज्या डोहातून आला तेथे पुढल्या वर्षासाठी पाणी आणि पिल्ले उरली आहेत ना, एवढे आपण विचारले पाहिजे.